थेंबे थेंबे थर झिजे!

आमच्या प्रतिनिधीकडून

वरठी (जि. भंडारा) : थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तेच थेंब साचवण्याबरोबर झिजवण्याचेही काम करतात, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मोहाडी तालुक्यातील वरठी हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरील 'भंडारा रोड' हे स्थानक वरठीतच आहे. सनफ्लॅगचा पोलाद कारखानाही येथेच आहे. आसपासच्या खेड्यांत मातीच्या भिंतींची कौलारू घरे अजून उभी आहेत. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत एकच पाऊस सारवलेल्या भिंतीवर पडतो, कारखान्याच्या रंगवलेल्या पत्र्यावर पडतो आणि धडधडत जाणाऱ्या आगगाडीच्या तोंडावरही पडतो. परिणाम मात्र तिन्ही ठिकाणी निरनिराळा होतो. भिंत दरवर्षी सारवावी लागते, पत्र्याचा रंग वर्षानुवर्षे टिकतो आणि गाडीच्या तोंडावरील रंगाची गत तिच्या वेगानुसार ठरते.

पाऊस तोच असताना असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर केवळ रंगाऱ्याच्या उपयोगाचे नाही. सातारा आणि धुळे जिल्ह्यांतील पवनचक्क्या, नागपूरच्या आकाशातून उतरणारी विमाने आणि औष्णिक वीज केंद्रांतील टर्बाइन या सर्वांचे आयुष्य आणि त्यांच्या देखभालीचा खर्च याच उत्तराशी बांधलेला आहे.

थेंबाचे मोजमाप

पावसाचा थेंब साधारणपणे अर्धा ते पाच मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याहून फार मोठा थेंब हवेत टिकत नाही. हवेच्या दाबाने तो चपटा होतो आणि फुटतो. जर्मन शास्त्रज्ञ फिलिप लेनार्ड यांनी १९०४ मध्येच थेंबांच्या आकाराचा आणि पडण्याच्या वेगाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पुढे १९४९ मध्ये गन आणि किंझर या अमेरिकी संशोधकांनी केलेली वेगाची मोजणी आजही प्रमाण मानली जाते. थेंब कितीही उंचावरून पडला तरी हवेच्या विरोधामुळे त्याचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. दोन मिलिमीटरच्या थेंबासाठी ही मर्यादा सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर, तर पाच मिलिमीटरच्या थेंबासाठी सुमारे नऊ मीटर एवढी आहे. हवेचा हा विरोध नसता, तर ढगातून सुटलेला प्रत्येक थेंब बंदुकीच्या गोळीसारखा अंगावर आला असता.

आता संख्येचा विचार करू. भंडारा जिल्ह्यात वर्षाला साधारण बाराशे ते तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. तेराशे मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर १३०० लिटर पाणी. सारे थेंब दोन मिलिमीटरचे होते असे धरले, तर एका चौरस मीटर पत्र्यावर वर्षाकाठी सुमारे ३१ कोटी थेंब आदळतात. हाताच्या नखाएवढ्या, म्हणजे एक चौरस सेंटिमीटर जागेच्या वाट्याला ३१ हजार थेंब येतात. एवढा मारा सोसूनही पत्र्याचा रंग पहिल्या पावसाळ्यात जात नाही, हेच खरे तर नवल म्हणावयास हवे.

आघाताचा क्षण

थेंब पृष्ठभागावर आदळतो तेव्हा नेमके काय घडते? पाणी मऊ आहे असे आपण मानतो, कारण त्याला बाजूला सरकायला वेळ मिळतो. आघाताच्या पहिल्या क्षणी मात्र हा वेळ मिळत नाही. थेंबाचा तळ पृष्ठभागाला टेकला, तरी वरच्या पाण्याला त्याची वार्ता पोचलेली नसते. ती वार्ता पाण्यातून ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १४८० मीटर वेगाने वर जाते. तोवर तळाशी अडकलेले पाणी घन पदार्थासारखे वागते आणि तेथे प्रचंड दाब निर्माण होतो. याला जलाघात म्हणतात. नळ झटकन बंद केला की पाइपात जो ठोका ऐकू येतो, तो याच जातीचा होय.

या दाबाचे गणित सोपे आहे. पाण्याची घनता, पाण्यातील ध्वनीचा वेग आणि आघाताचा वेग यांचा गुणाकार केला की कठीण पृष्ठभागावरील कमाल दाब मिळतो. नऊ मीटर वेगाने पडणाऱ्या थेंबासाठी हा आकडा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १३५ किलो एवढा येतो. वेग सेकंदाला ८० मीटर झाला, तर तोच दाब बाराशे किलोच्या घरात जातो. तुलनेसाठी सांगायचे, तर घरबांधणीत वापरले जाणारे एम-२० प्रतीचे काँक्रीट चौरस सेंटिमीटरला साधारण दोनशे किलोच्या दाबाला टिकते. अर्थात हा दाब सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी काळ राहतो आणि अगदी लहानशा जागेवर पडतो. म्हणून एका थेंबाने काही बिघडत नाही.

दाब ओसरला की दुसरा टप्पा सुरू होतो. अडकलेले पाणी कडेने सुटते आणि पातळ चक्रासारखे चहूबाजूंना फाकते. या आडव्या झोताचा वेग मूळ थेंबाच्या वेगाच्या कित्येक पट असतो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर झोत निसटून जातो. जेथे एखादा ओरखडा, खळगा किंवा सुटलेला पापुद्रा असेल, तेथे मात्र तो पाचरीसारखा आत घुसतो आणि थर उचलतो. रंगकाम करण्यापूर्वी पृष्ठभाग घासून, खळगे भरून सपाट करण्याचा जो आग्रह धरला जातो, त्यामागे सौंदर्याबरोबर हेही एक कारण आहे.

काही दिसत नाही, तरी घडत असते

तारेचा तुकडा एकदा वाकवला तर तुटत नाही, पण पुनःपुन्हा वाकवला तर तुटतो. पदार्थाला येणारा हा थकवा संरक्षक थरालाही येतो. प्रत्येक आघाताबरोबर थरात एक सूक्ष्म लहर जाते. ती थराच्या तळाशी पोचून परतते, पुन्हा वर येते. थर आणि त्याखालचा पदार्थ यांच्या सांध्यावर या लहरींचा विशेष ताण पडतो. हजारो, लाखो आघातांनंतर आत केसाएवढे तडे जन्म घेतात.

या साऱ्या काळात वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. वजन घटत नाही, चमकही फारशी कमी होत नाही. तज्ज्ञ याला झिजेचा सुप्तकाळ म्हणतात. तो संपला की बारीक टोचे दिसू लागतात, टोच्यांचे खळगे होतात, खळगे एकमेकांना मिळतात आणि मग थराचे तुकडेच्या तुकडे निघतात. 'काल-परवापर्यंत ठीक होते, एकाएकी गेले' असे जे म्हटले जाते ते यामुळेच. वस्तुतः एकाएकी काहीच झालेले नसते. सुप्तकाळ तेवढा संपलेला असतो.

या साऱ्या प्रकारात निर्णायक ठरतो तो वेग. थेंबाची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेच्या पुस्तकातही असते. झीज मात्र त्याहून कितीतरी झपाट्याने वाढते. प्रयोगांत ती साधारणपणे वेगाच्या पाचव्या किंवा त्याहूनही वरच्या घाताच्या प्रमाणात आढळते. पाचवा घात धरला, तर वेग दुप्पट होताच झीज ३२ पट होते. उलट, वेग एका उंबरठ्याखाली असेल तर थेंब कितीही पडोत, चांगल्या थराला व्यवहारात इजा होत नाही. हा उंबरठा पदार्थागणिक वेगळा असतो.

भिंत, पत्रा आणि गाडी

या उंबरठ्याच्या कल्पनेने वरठीतले तिन्ही प्रकार उलगडतात. मातीच्या भिंतीवरील सारवण इतके नाजूक असते, की सहा-सात मीटर वेगाचा थेंबही त्याचे कण उडवतो. त्यातही भिंतीचा खालचा भाग आधी झिजतो. वळचणीच्या पागोळ्या जमिनीवर एका रेषेत पडतात आणि तेथून उडणारे शिंतोडे हात-दीड हात उंचीपर्यंत भिंत खात राहतात. जुन्या घरांचे छप्पर भिंतीपासून चांगले पुढे काढलेले असते आणि जोते उंच असते, ते याच अनुभवातून.

रंगवलेल्या पत्र्याचे गणित निराळे. पडणाऱ्या थेंबाचा वेग त्याच्या उंबरठ्याच्या पुष्कळ आत असतो. म्हणून पत्र्याचा रंग पावसाच्या मारामुळे जातो ही समजूत बरोबर नाही. त्याचा खरा शत्रू ऊन आहे. विदर्भातील उन्हाळ्यात सूर्यप्रकाशातील अतिनील किरण रंगातील बांधणारे द्रव्य फोडतात आणि रंगद्रव्याची पूड मोकळी होते. जुन्या पत्र्यावरून हात फिरवला की खडूसारखी भुकटी लागते, ती हीच. पाऊस येतो आणि उन्हाने मोकळी केलेली ही पूड धुऊन नेतो. खाली उघडा पडलेला पत्रा ओलाव्याने गंजतो. म्हणजे ऊन तोडते, पाऊस वाहून नेतो आणि गंज उरलेले संपवतो. अपवाद एवढाच, की वरच्या छपराच्या पागोळ्या खालच्या पत्र्यावर नेमक्या एकाच जागी पडत असतील, तर तेथे मारा आणि ओलावा दोन्ही सतत राहतात. अशा जागी पन्हाळ लावणे हा पुन्हा रंग देण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे.

आगगाडीच्या बाबतीत थेंब नव्हे, तर गाडीच थेंबावर जाऊन आदळते. ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालेली नागपूर-बिलासपूर वंदे भारत याच मार्गाने जाते. ताशी १३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३६ मीटर. नुसत्या पडणाऱ्या थेंबाच्या मानाने ही पाचपट गती झाली. नीट चिकटलेला रंग ती सोसतो. मात्र खडी वा धुळीने जेथे टवका उडाला असेल, तेथून थेंबांचे झोत पापुद्रा सोलू लागतात.

पवनचक्कीच्या पात्याचे दुखणे

खरी अडचण याच्या पुढच्या वेगांत आहे. पवनचक्की लांबून पाहिली तर संथ फिरताना दिसते. परंतु शंभर मीटर व्यासाचे चक्र मिनिटाला १५ फेऱ्या घेत असेल, तर पात्याचे टोक सेकंदाला ७८ मीटर, म्हणजे ताशी २८० किलोमीटरहून अधिक वेगाने हवा कापत असते. या वेगात समोर आलेला थेंब पात्याच्या पुढच्या धारेवर छिन्नीसारखा बसतो. ही पाती मुख्यतः फायबरग्लासची असतात आणि त्यांवर रंगाचा संरक्षक थर असतो. थर गेला की आतले काचतंतू उघडे पडतात, त्यांत पाणी शिरते आणि दुरुस्ती अवघड होते.

धार खडबडीत झाली की पात्यावरून वारा सुरळीत वाहत नाही आणि वीज कमी मिळते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी वाऱ्याच्या बोगद्यात केलेल्या प्रयोगांतून असे दाखवले, की सौम्य झिजेनेही वार्षिक उत्पादनात काही टक्क्यांची घट येऊ शकते. ही घट किती महाग पडते ते पाहा. सव्वा मेगावॉटची एक चक्की वर्षभराच्या सरासरीने क्षमतेच्या २० टक्के वीज देते असे धरले, तर तिच्याकडून सुमारे २२ लाख युनिट मिळतात. त्यातील तीन टक्के म्हणजे ६६ हजार युनिट झाले. तेही एकाच चक्कीचे आणि एकाच वर्षाचे.

महाराष्ट्रात पवन ऊर्जेची स्थापित क्षमता पाच हजार मेगावॉटहून अधिक आहे. साताऱ्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडी, धुळ्यातील ब्राह्मणवेल ही त्यातील ठळक नावे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आपल्याकडे वर्षातील सर्वाधिक वारा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात मिळतो. म्हणजे जे महिने विजेचे, तेच पावसाचे. ज्या दिवसांत चक्क्या पूर्ण वेगाने फिरतात त्याच दिवसांत सह्याद्रीच्या पठारांवर पावसाची झड लागलेली असते. सव्वादोनशे ते साडेतीनशे किलोवॉटच्या जुन्या, लहान चक्क्यांच्या पात्यांचा टोकाचा वेग तुलनेने कमी होता. त्यांच्या जागी मोठ्या चक्क्या येतील तसतसा टोकाचा वेग वाढेल आणि पाचव्या घाताचा हिशेब अधिक जाचक होईल. जुन्या चक्क्या काढून नव्या बसवण्याबाबत केंद्र सरकारने २०१६ मध्ये धोरण आणले आणि २०२३ मध्ये ते सुधारले. त्या निर्णयांच्या हिशेबात पात्यांच्या झिजेलाही जागा असली पाहिजे.

हा धोका कागदावरचा नाही. डेन्मार्कच्या समुद्रातील अनहोल्ट येथील १११ पवनचक्क्यांचा प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. पंचवीस वर्षे टिकतील या हिशेबाने उभारलेल्या चक्क्यांपैकी बहुसंख्य चक्क्यांची पाती पाच वर्षांतच दुरुस्तीला काढावी लागली.

कठीण की मऊ?

थेंबांच्या माऱ्याशी अभियंत्यांचा झगडा शंभर वर्षांचा आहे. त्याची सुरुवात पावसाने नव्हे, तर वाफेने झाली. औष्णिक केंद्रातील टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यात वाफ थंड होऊन तिच्यात पाण्याचे थेंब तयार होतात. मौदा येथील एनटीपीसीच्या केंद्रासारख्या ठिकाणी टर्बाइन मिनिटाला ३००० फेऱ्या घेतात. शेवटच्या लांब पात्यांच्या टोकाचा वेग सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास जातो. ब्रिटिश अभियंता एस. एस. कुक यांनी १९२८ मध्ये पात्यांची ही झीज जलाघाताने होते, असे गणिताने दाखवून दिले. त्यावर उपाय निघाला तो कठीणपणाचा. पात्याच्या धारेवर कोबाल्ट-क्रोमियमच्या स्टेलाइट या अतिशय कठीण मिश्रधातूची पट्टी जोडतात किंवा धारच तापवून कठीण करतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस विमानांचे वेग वाढले आणि तेथेही हाच प्रश्न उभा राहिला. विमानाच्या नाकाडातील रडारवरचे टोपण धातूचे करता येत नाही, कारण रडारच्या लहरी धातूतून जात नाहीत. तेव्हा उलटा मार्ग सापडला, तो रबरासारख्या मऊ थराचा. मऊ थर आघाताबरोबर किंचित दबतो. त्यामुळे दाबाचे शिखर खाली येते आणि लहर थरातच विरते. आजही विमानांच्या टोपणांवर आणि पवनचक्क्यांच्या धारेवर लवचिक पॉलियुरेथेनचे लेप किंवा चिकटपट्ट्या लावतात. हेलिकॉप्टरच्या पात्याचे टोक सेकंदाला दोनशे मीटरहून अधिक वेगाने फिरते. तेथे पुन्हा टायटॅनियम वा निकेलची पट्टी वापरतात. नागपूरच्या मिहानमध्ये २०१५ पासून विमानांच्या देखभालीचे मोठे केंद्र आहे. अशा केंद्रांत विमानाचे नाकाड आणि पंखांची धार यांची तपासणी हा नेहमीच्या कामाचाच भाग असतो.

मऊ लेपाला मर्यादाही आहेत. ऊन, उष्णता आणि ओलावा यांनी तो काळानुसार ताठरतो आणि ताठरलेला लेप थेंबांपुढे टिकत नाही. म्हणून युरोपातील थंड प्रयोगशाळेत उत्तम ठरलेला लेप आपल्या उन्हात किती टिकेल, हे येथेच तपासून घ्यावे लागते. फिरत्या हातावर नमुना बसवून कृत्रिम पावसात गरगर फिरवायची चाचणी यासाठी रूढ आहे. नमुना आधी उन्हात मुरवून मग फिरवला, तर ती चाचणी आपल्या हवामानाच्या अधिक जवळ जाते.

वेग आवरणे हाच लेप

सर्वांत साधा उपाय लेपाचा नाहीच. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये असे मांडले, की पात्याची बरीचशी झीज वर्षातील अगदी थोड्या तासांत होते. हे तास असतात मोठ्या थेंबांच्या मुसळधार पावसाचे. तेवढे तास चक्कीचा वेग कमी ठेवला, तर पात्याचे आयुष्य कित्येक पटींनी वाढू शकते आणि विजेचे नुकसान मामुली राहते. पाचव्या घाताचा हिशेब येथे आपल्या बाजूने काम करतो. टोकाचा वेग ८० वरून ६५ मीटरवर आणला, तर झीज जवळजवळ एक तृतीयांशावर येते.

आपल्याकडे मुसळधार पाऊस आणि जोराचा वारा हातात हात घालून येत असल्याने हे तास युरोपाच्या मानाने अधिक भरतील आणि सोडून द्यावी लागणारी वीजही अधिक असेल. तरीही पर्जन्यमापक आणि चक्कीची नियंत्रण यंत्रणा यांची सांगड घालून हा हिशेब प्रत्येक पठारासाठी वेगळा मांडता येण्यासारखा आहे. त्याच्या जोडीला तपासणीचे वेळापत्रक हवे. सुप्तकाळ संपून पहिले टोचे दिसताच केलेली दुरुस्ती लेपापुरती असते. काचतंतू उघडे पडल्यावर मात्र ती पात्याची दुरुस्ती होते. दोरावर लटकून करायच्या या कामाला कोरडी हवा आणि कमी वारा लागतो. म्हणून पावसाळा सरताच पाहणी आणि हिवाळ्यात दुरुस्ती, हाच क्रम सोयीचा ठरतो.

घरमालकासाठीही हाच धडा थोडक्यात सांगता येईल. पत्र्यावर हात फिरवून पाहावा. भुकटी लागत असेल तर ऊन काम करून गेले आहे, आणि पुढच्या पावसाळ्याआधी घासून रंग द्यायला हवा. पापुद्रा सुटला असेल, तर त्यावरच नवा हात मारू नये. सुटलेली कडा खरवडून सपाट केल्याशिवाय कोणताही थर टिकत नाही, मग तो खेड्यातल्या छपरावरचा असो की सेकंदाला ऐंशी मीटर वेगाने फिरणाऱ्या पात्यावरचा.